शिकागो व्हाइट सॉक्सचा २०२४ चा हंगाम

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलच्या आधुनिक काळातील (१९०० नंतर) सर्वाधिक पराभवांचा हंगाम. शिकागो व्हाइट सॉक्स या संघाने २०२४ मध्ये १६२ पैकी १२१ सामने गमावले आणि ४१ जिंकले. त्याआधीचा नकोसा विक्रम न्यूयॉर्क मेट्सचा होता. १९६२ मध्ये ते १२० सामने हरले होते. विजयांची टक्केवारीच काढायची तर मेट्स किंचित खालीच राहतात, कारण त्यांचे ४० विजय १६० निकाली सामन्यांतले होते. १९१६ मधील फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स (३६ विजय, ११७ पराभव) तर त्यांच्याही खाली आहेत. १८९९ च्या क्लीव्हलंड स्पायडर्सनी १३४ सामने गमावून फक्त २० जिंकले होते. तो आकडा एकोणिसाव्या शतकातला असल्याने या हिशेबात धरत नाहीत.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकाला १२१ पराभवांचे वजन चटकन जाणवणार नाही. आयपीएलमध्ये साखळीत १४ सामने होतात. त्यातले ११ हरले तरी संघ पुढच्या वर्षी नवी जर्सी घालून येतो आणि लोक विसरून जातात. बेसबॉलमध्ये मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत जवळजवळ रोज सामना असतो आणि एवढ्या लांब पल्ल्यात दैव बरेचसे समसमान वाटले जाते. त्यामुळे अगदी सुमार संघही तीनातला एक सामना जिंकतो आणि उत्तम संघही तीनातला एक हरतो. २०२४ मध्ये सर्वांत जास्त सामने जिंकणारा लॉस एंजेलिस डॉजर्स संघसुद्धा ६४ वेळा हरला होता. १०० पराभव ही नामुष्कीची हद्द मानली जाते. बेसबॉलच्या आकडेशास्त्रात ‘रिप्लेसमेंट लेव्हल’ अशी एक कल्पना आहे. दुय्यम लीगमधून सहज, स्वस्तात मिळणारे खेळाडू गोळा करून संघ उभा केला, तर तो १६२ पैकी सुमारे ४८ सामने जिंकेल असे त्यात गृहीत धरतात. व्हाइट सॉक्स त्याही रेषेच्या खाली गेले.

आधीची आठ वर्षे

व्हाइट सॉक्स हा अमेरिकन लीगच्या, म्हणजे मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एकाच्या, संस्थापक संघांपैकी एक. शिकागोच्या दक्षिण भागातला, कष्टकरी वस्त्यांचा संघ अशी त्याची ओळख आहे. शहराच्या उत्तरेकडच्या कब्ज या दुसऱ्या संघाचे वलय त्याच्या वाट्याला कधी आले नाही. १९१९ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची अंतिम मालिका, पैसे घेऊन हरल्याच्या आरोपावरून याच संघाच्या आठ खेळाडूंवर आजन्म बंदी आली. १९१७ नंतरचे पुढचे अजिंक्यपद मिळायला २००५ साल उजाडले. त्या २००५ च्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्याला प्रेक्षकांत बसलेले रॉबर्ट प्रीव्हॉस्ट पुढे २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे झाले. शिकागोत जन्मलेले पोप व्हाइट सॉक्सचे चाहते निघाले, याचे तिथे भलतेच कौतुक झाले. अर्थात २०२४ च्या हंगामाला त्याचा काही उपयोग नव्हता.

२०२४ ची पडझड समजून घ्यायची तर डिसेंबर २०१६ पासून सुरुवात करावी लागते. तेव्हा संघाने नामांकित पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) क्रिस सेलला बॉस्टनला देऊन योआन मोंकाडा आणि मायकल कोपेक हे तरुण खेळाडू घेतले. पुढच्या जुलैत होसे किंताना शेजारच्या कब्जला दिला आणि एलॉय हिमेनेझ व डिलन सीझ मिळवले. आज हरायचे आणि त्या बदल्यात उद्याचा संघ बांधायचा, असा हा उघड सौदा होता. चाहत्यांनीही तो मान्य केला. २०२० व २०२१ अशी सलग दोन वर्षे संघ बाद फेरीत पोचला. क्लबच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडले होते. २०२१ मध्ये त्यांनी ९३ सामने जिंकले आणि आपला गट १३ सामन्यांच्या फरकाने खिशात टाकला. बाद फेरीत मात्र ह्यूस्टनने त्यांना पहिल्याच मालिकेत ३-१ असे हरवले.

खरी निराशा इथून सुरू होते, आणि ती २०२४ च्या आकड्यांखाली झाकली जाते. बांधलेल्या संघात उणिवा दिसत होत्या. त्या भरायला पैसा लागणार होता आणि मालक जेरी राइन्सडॉर्फ यांनी तो सोडला नाही. बास्केटबॉलच्या शिकागो बुल्सचेही मालक असलेले राइन्सडॉर्फ १९८१ पासून व्हाइट सॉक्स चालवतात. देशातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या शहरातला हा संघ, पण २०२४ पर्यंत त्याने कोणाही खेळाडूशी १० कोटी डॉलरचा करार केलेला नव्हता. अँड्र्यू बेनिंटेंडीशी २०२२ च्या अखेरीस केलेला पाच वर्षांचा, साडेसात कोटींचा करार हाच क्लबचा सर्वांत मोठा ठरला. दुसरीकडे मालकाची मर्जी मात्र चालत होती. १९८६ मध्ये टोनी ला रुसा यांना मॅनेजरपदावरून (बेसबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षकाला मॅनेजर म्हणतात) काढले गेले, याची राइन्सडॉर्फना अनेक वर्षे खंत होती. २०२० च्या शरदात, संघ ऐन भरात येत असताना, त्यांनी ७६ वर्षांच्या ला रुसांना परत आणून ती भागवली. ला रुसा त्याआधी २०११ पासून मॅनेजर म्हणून मैदानात उतरले नव्हते. पहिल्या वर्षी गट जिंकला, पण दुसऱ्या वर्षी प्रकृतीमुळे त्यांना पायउतार व्हावे लागले आणि संघ ८१-८१ असा बरोबरीत अडकला. २०२३ मध्ये पेद्रो ग्रिफोल मॅनेजर झाले आणि पराभवांची संख्या १०१ वर गेली.

ऑगस्ट २०२३ मध्ये उपाध्यक्ष केन विल्यम्स आणि संघबांधणी पाहणारे जनरल मॅनेजर रिक हान यांना एकाच दिवशी नारळ मिळाला. नऊ दिवसांत त्या जागी क्रिस गेट्झ आले. ते क्लबमध्येच तरुण खेळाडूंच्या विकासाचे काम पाहत होते. बाहेरून आलेल्या माणसाचे पहिले वर्ष संघ समजून घेण्यातच जाईल, घरचा माणूस लवकर सुधारणा करील, असा मालकांचा युक्तिवाद होता. या युक्तिवादाचे पुढच्याच वर्षी काय झाले ते आता सर्वज्ञात आहे.

हंगाम

हंगाम सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी गेट्झ यांनी सीझला सॅन डिएगोकडे धाडले. २८ मार्चला पहिला सामना डेट्रॉइट टायगर्सशी झाला. त्याआधी राखीव पिचर म्हणूनच वापरलेला डावखुरा गॅरेट क्रोशे त्या दिवशी प्रथमच सामन्याची सुरुवात करायला उतरला आणि उत्तम खेळला. व्हाइट सॉक्स ०-१ ने हरले. वर्षभराचे चित्र त्या एका धावसंख्येत होते : पिचर अधूनमधून चांगला, बॅटिंग जवळपास गैरहजर.

पहिल्या दोन आठवड्यांत हिमेनेझ, लुईस रॉबर्ट आणि मोंकाडा हे तिघेही जायबंदी झाले. पुनर्बांधणीची सगळी भिस्त ज्यांच्यावर होती तेच हे तिघे. मोंकाडाने तर वर्षभरात १२ सामने खेळले. पहिल्या २५ सामन्यांत संघाचे ३ विजय आणि २२ पराभव झाले.

मे महिन्यातला एक सामना त्या वर्षीच्या अवकळेचा नमुना म्हणून सांगितला जातो. २३ मे रोजी बाल्टिमोर ओरिओल्सविरुद्ध नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात सॉक्स ६-८ असे मागे होते. एक गडी बाद होता आणि बेसवर खेळाडू होते. बेनिंटेंडीचा चेंडू मैदानाच्या आतल्या भागातच उंच उडाला. अशा वेळी ‘इन्फिल्ड फ्लाय’ नियमाने बॅटर आपोआप बाद ठरतो, झेल घेतला जावो वा सुटो. चेंडू हवेत असताना दुसऱ्या बेसकडे परतणारा अँड्र्यू व्हॉन झेल घेणाऱ्या शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) वाटेत आला. पंचाने अडथळ्याचा निर्णय देऊन त्यालाही बाद दिले आणि सामना तिथेच संपला. वास्तविक झेल सुखरूप घेतला गेला होता. पंचाला असा निर्णय न देण्याची मुभा होती, असे लीगने नंतर संघाला कळवले. तोवर अर्थातच उशीर झाला होता. त्याच दिवसांत सलग १४ पराभवांची मालिका सुरू होती. क्लबच्या इतिहासातली तोवरची ती सर्वांत लांब मालिका होती, पण तो मानही तिच्याकडे फार टिकला नाही.

१० जुलैपासून ५ ऑगस्टपर्यंत व्हाइट सॉक्स सलग २१ सामने हरले. अमेरिकन लीगमध्ये असे फक्त एकदा, १९८८ मध्ये बाल्टिमोरच्या बाबतीत घडले होते. या पराभवांच्या मधोमध, २५ जुलैला, सॅन डिएगोच्या सीझने वॉशिंग्टनविरुद्ध ‘नो-हिटर’ टाकला, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना अख्ख्या सामन्यात एकही हिट (बेसवर पोचवणारा फटका) मिळू दिली नाही. महिनाअखेरीस खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपत आली तेव्हा एरिक फेडी, टॉमी फॅम, कोपेक आणि हिमेनेझ हेही गेले. कोपेकने त्याच वर्षी डॉजर्सकडून वर्ल्ड सिरीज जिंकली. ६ ऑगस्टला ओकलंडमध्ये ५-१ असा विजय मिळून मालिका तुटली आणि दोनच दिवसांत ग्रिफोल यांची गच्छंती झाली. त्यांच्या खात्यात त्या वर्षीचे २८ विजय आणि ८९ पराभव जमा आहेत. उरलेल्या सामन्यांसाठी ग्रेडी साइझमोर हंगामी मॅनेजर झाला. क्लीव्हलंडकडून एके काळी गाजलेला हा खेळाडू, पण मॅनेजर म्हणून कोणताही अनुभव नव्हता. त्याने ४५ पैकी १३ सामने जिंकले.

विक्रमाचा आठवडा

२२ सप्टेंबरला सॅन डिएगोत २-४ असा पराभव झाला आणि व्हाइट सॉक्सनी मेट्सच्या १२० ची बरोबरी केली. पुढचे तीन सामने घरच्या मैदानावर लॉस एंजेलिस एंजल्सशी होते. विक्रम आपल्या डोळ्यांसमोर मोडावा म्हणून काही प्रेक्षक मुद्दाम आले होते, आणि संघ विकून टाका अशा घोषणा मालकांना ऐकू जाव्यात एवढ्या मोठ्याने चालू होत्या. संघाने तिन्ही सामने जिंकले! एंजल्स त्या वर्षी ९९ सामने हरले, त्यांच्या क्लबचा तो नीचांक होता, हेही लक्षात ठेवायला हवे.

१२१ वा पराभव २७ सप्टेंबरला डेट्रॉइटमध्ये झाला, ज्या संघाविरुद्ध हंगाम सुरू झाला होता त्याच टायगर्सविरुद्ध, ४-१ असा. त्या विजयाने टायगर्स दहा वर्षांनी बाद फेरीत पोचले. त्यामुळे मैदानावर जो जल्लोष झाला तो यजमानांचा स्वतःचा होता आणि पाहुण्यांच्या विक्रमाकडे तिथे कोणी फारसे पाहिले नाही. उरलेले दोन सामने व्हाइट सॉक्सनी जिंकले.

कारणमीमांसा

संघाने वर्षभरात ५०७ धावा केल्या आणि ८१३ दिल्या. लीगमधल्या तीस संघांत धावांच्या बाबतीत त्यांच्या लगतचा वरचा संघ टॅम्पा बे होता आणि त्याच्या ६०४ धावा होत्या. शेवटून पहिला आणि शेवटून दुसरा यांत इतके अंतर क्वचित पडते. धावांच्या या गुणोत्तरावरून नेहमीच्या सूत्राने हिशेब केला तर साधारण ४८ विजय निघतात. म्हणजे सहा-सात पराभव नशिबाचे, निसटत्या सामन्यांचे किंवा डळमळीत राखीव पिचरांचे म्हणता येतील. दैवाने साथ दिली असती तर विक्रम झाला नसता. संघ मात्र तेवढाच वाईट राहिला असता.

दुखापतींकडे बोट दाखवले जाते, पण ते अपुरे आहे. मोंकाडा, हिमेनेझ आणि रॉबर्ट हे त्याआधीही वारंवार जायबंदी होत होते. त्यांच्यामागे उभे राहतील असे खेळाडू क्लबने ना घडवले ना विकत घेतले. याच गटातल्या कॅन्सस सिटी रॉयल्सचे उदाहरण बोलके आहे. २०२३ मध्ये तेही १०६ सामने हरले होते. त्या हिवाळ्यात त्यांनी बाजारातून पिचर घेतले, बॉबी विट ज्युनिअरशी दीर्घ करार केला आणि २०२४ मध्ये ८६ सामने जिंकून बाद फेरी गाठली. त्यांतले १२ विजय व्हाइट सॉक्सविरुद्धचे होते, १३ सामन्यांत.

मेट्सशी होणारी तुलना आकड्यांपुरतीच ठीक आहे. १९६२ चा मेट्स नवा कोरा संघ होता, इतरांनी सोडलेल्या खेळाडूंतून उभा केलेला, आणि मॅनेजर केसी स्टेंगेल यांच्या मिश्कील बोलण्यामुळे त्यांच्या हरण्यावरही लोक लोभ करीत. सातच वर्षांनी ते अजिंक्य ठरले. व्हाइट सॉक्सच्या वाट्याला असा लोभ आला नाही. तीन वर्षांपूर्वी गटविजेता असलेला संघ इथवर घसरला, याचा राग चाहत्यांच्या मनात होता. स्टेडियममध्ये त्या वर्षी मिळणाऱ्या ‘कॅम्पफायर मिल्कशेक’चीच काय ती वाहवा झाली.

पडसाद

युरोपातल्या फुटबॉलप्रमाणे इथे तळाचा संघ खालच्या श्रेणीत ढकलला जात नाही. उलट नव्या खेळाडूंच्या ड्राफ्टमध्ये त्याला आधी निवड करायला मिळते. यावेळी तेही झाले नाही. मुद्दाम हरण्याला आळा घालण्यासाठी लीग आणि खेळाडू संघटना यांच्या २०२२ च्या करारात निवडीच्या क्रमासाठी लॉटरी आली. मोठ्या बाजारपेठेतला, म्हणजे इतरांना उत्पन्नाचा वाटा देणारा संघ लागोपाठ दोन वर्षे त्या लॉटरीतून निवड मिळवू शकत नाही, असा त्यात नियम आहे. व्हाइट सॉक्सना २०२४ मध्ये पाचवी निवड मिळाली होती. परिणामी १२१ सामने हरूनही २०२५ मध्ये त्यांचा क्रमांक दहावा लागला.

हंगामातला एकमेव मोठा लाभ क्रोशे होता. १४६ डावांत त्याने २०९ बॅटर तीन स्ट्राइकवर बाद केले आणि तो निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यातही खेळला. डिसेंबर २०२४ मध्ये त्यालाही बॉस्टनला देऊन काइल टील, चेस मायड्रॉथ, ब्रेडन माँटगोमेरी आणि विकेलमन गोन्झालेझ हे चार तरुण खेळाडू घेतले गेले. आठ वर्षांपूर्वी डावखुरा सेल ज्या शहराला दिला होता त्याच शहराला, त्याच हेतूने. विल व्हेनेबल नवे मॅनेजर झाले. जून २०२५ मध्ये राइन्सडॉर्फ यांनी गुंतवणूकदार जस्टिन इशबिया यांच्याशी क्लबचा ताबा पुढेमागे सोपवण्याचा करार केला. तो ताबा २०२९ च्या आधी बदलणार नाही. २०२५ चा हंगाम ६० विजय आणि १०२ पराभवांवर संपला.