जपानच्या मनोऱ्यातली खाच

लोकसंख्येचे मनोरे आपण भूगोलाच्या पुस्तकात पाहिलेले असतात. मधे उभी रेघ, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला स्त्रिया आणि वयाच्या प्रत्येक वर्षासाठी एक आडवी पट्टी. तळाला बाळं, शेंड्याला पिकली पानं. जपानचा मनोरा समोर आला की साठीच्या आसपास नजर अडते. तिथली एकच पट्टी वरखालच्या पट्ट्यांपेक्षा एकदम आखूड आहे, करवतीने खाच पाडल्यासारखी.

ही पट्टी १९६६ मध्ये जन्मलेल्यांची. त्या वर्षी जपानमध्ये ना युद्ध होतं, ना दुष्काळ, ना साथ. १९६५ मध्ये तिथे १८.२ लाख बाळं जन्मली, १९६६ मध्ये १३.६ लाख आणि १९६७ मध्ये पुन्हा १९.४ लाख.

कारण होतं पंचांग. आपल्याकडे प्रभव, विभव अशी साठ संवत्सरं फिरतात, तशी तिकडेही बारा प्राणी आणि पंचतत्त्वं यांच्या मेळातून साठ वर्षांची फेरी होते. त्यातलं ‘हिनोए-उमा’, म्हणजे अग्नी-अश्वाचं वर्ष, १९६६ मध्ये आलं. या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याच्या मुळावर येते, अशी जुनी समजूत. मुलगी झाली तर तिचं लग्न कसं जमणार, या धास्तीने लाखो जोडप्यांनी त्या वर्षी मूलच होऊ दिलं नाही. तेव्हा त्या देशात बुलेट ट्रेन धावू लागून दोन वर्षं होत आली होती. पत्रिकेत मंगळ दिसला म्हणून चांगल्या मुलीला नकार कळवणारी घरं आपल्याकडे आजही आहेत. नवऱ्याचं आयुष्य बायकोच्या जन्मवर्षावर ठरत नाही आणि मंगळावरही ठरत नाही, हे स्पष्ट बोलायलाच हवं.

यंदा, २०२६ मध्ये, ते वर्ष पुन्हा आलं आहे. १९६६ ची बाळं आता साठीची होत आहेत. जपानमध्ये साठीला लाल कपडे घालून ‘कानरेकी’ साजरी करतात, आपल्या साठीशांतीसारखी.

मला या खाचेत रस आहे तो तिच्या प्रवासामुळे. ती दर वर्षी एक पायरी वर चढते. १९७३ च्या एप्रिलमध्ये ती पहिलीच्या वर्गात बसली, १९८६ मध्ये विशीत आली. मग त्या मुली आया झाल्या तेव्हा पुढच्या पिढीतही तशीच खाच पडली का? नाही. एकाच वर्षी जन्मलेल्या सगळ्या बायका एकाच वर्षी आई होत नाहीत. कुणी बाविसाव्या वर्षी होते, कुणी अडतिसाव्या. त्यामुळे एका वर्षाची तूट पुढच्या पंधरा-वीस वर्षांवर पसरते आणि दिसेनाशी होते. मात्र उंचवटा रुंद आणि मोठा असेल, तर तो पुढच्या पिढीत उमटतो. युद्धानंतर १९४७ ते १९४९ मध्ये जपानमध्ये बाळांची लाट आली, आणि तिचा पडसाद १९७१ ते १९७४ मध्ये दुसरी लाट होऊन उमटला.

आता ज्या प्रश्नावर लोक नेहमी अडतात, तिकडे वळू. घरोघरी दोनच मुलं असताना लोकसंख्या वाढतेच कशी?

एक गाव घ्या. गावात १०० आजी-आजोबा, २०० आईबाप आणि ४०० मुलं, एकूण ७००. आजवर प्रत्येक जोडप्याला चार मुलं होत आली आहेत. सोपं जावं म्हणून धरू, की प्रत्येक जण म्हातारपणापर्यंत जगतो. उद्यापासून सगळ्यांनी ठरवलं, दोनच मुलं. एक पिढी सरली. १०० म्हातारे गेले, २०० आईबाप म्हातारे झाले, ४०० मुलं आईबाप झाली आणि त्यांच्या २०० जोडप्यांना दोन-दोन, म्हणजे ४०० मुलं झाली. बेरीज १०००. आणखी एक पिढी गेली की ४०० म्हातारे, ४०० आईबाप, ४०० मुलं. बेरीज १२००. वाढ इथे थांबली, पण ‘दोनच’ ठरल्यानंतर ५०० माणसं वाढली. नियम बदलला तेव्हाच पुढच्या आया जन्मून बसल्या होत्या, म्हणून.

आता तेच गाव एका मुलावर येऊ द्या. १२०० चे १००० होतात, मग ७००. त्या ७०० मध्ये ४०० म्हातारे, २०० आईबाप आणि फक्त १०० मुलं. इथे घाबरून सगळे पुन्हा दोन मुलांवर आले, तरी पुढची बेरीज ४०० आणि त्यापुढची ३००. पहिल्या गावातही ७०० च होते आणि या गावातही ७०० च आहेत. दोन्हीकडे जोडप्यामागे दोनच मुलं, पण एक गाव वाढतं आणि दुसरं घटतं.

जपानने हे दोन्ही पाहिलं. तिथे दर स्त्रीमागे मुलांचं प्रमाण १९७० च्या दशकाच्या मध्यापासून दोनच्या खाली आहे, तरी लोकसंख्या वाढत वाढत २००८ च्या सुमारास १२.८ कोटींवर पोचली. त्यानंतर उतार लागला. २०२४ मध्ये हे प्रमाण १.१५ होतं, जन्म ६.९ लाख आणि मृत्यू १६ लाख.

आणि एक गंमत. जपानी माणूस सरासरी ८४ वर्षांच्या आसपास जगतो, तरीही तिथला मृत्युदर हजारी १२ च्या वर आहे, भारताच्या जवळपास दुप्पट. तिथे आरोग्य सेवा ढासळली म्हणून नव्हे, तर मरणाच्या वयाला पोचलेली माणसंच जास्त आहेत म्हणून. वयाची विभागणी न पाहता दोन देशांचे, दोन राज्यांचे किंवा दोन समाजांचे जन्म-मृत्यूचे दर शेजारी ठेवायचे आणि निष्कर्ष काढायचे, हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा उद्योग त्यामुळेच धोक्याचा आहे.

भारत सध्या पहिल्या गावाच्या वाटेवर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दर स्त्रीमागे देशात २.० मुलं आढळली, महाराष्ट्रात १.७. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे आपण २०६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वाढत राहू आणि १७० कोटींच्या आसपास पोचू. २०४५ मध्ये पंचविशीत आई होणाऱ्या मुली आज पहिलीच्या वर्गाच्या आसपास आहेत. त्या किती आहेत, हे आजच मोजता येतं. त्यांना किती मुलं होतील, तेवढंच अंदाजाने धरावं लागतं.