फायरडॅम्प आणि ब्लॅकडॅम्प: खाणीतल्या दोन वाईट हवा

‘डॅम्प’ म्हणजे ओल, हा अर्थ डोक्यात असल्यामुळे कोळसा खाणींच्या परिभाषेतील फायरडॅम्प आणि ब्लॅकडॅम्प ही नावे पाण्याशी निगडित असावीत, असे अनेकांना वाटते. वास्तविक हा शब्द वाफ या अर्थाच्या जुन्या जर्मन शब्दाच्या कुळातला आहे आणि खाणकामगार तो खाणीतल्या कोणत्याही घातक हवेसाठी वापरत. दोन्ही वायू डोळ्यांना दिसत नाहीत, नाकाला कळत नाहीत; गोंधळ होतो तो त्यामुळेच.

फायरडॅम्प म्हणजे मुख्यतः मिथेन. वनस्पतींच्या अवशेषांपासून कोळसा बनत असताना तो निर्माण झाला, कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत दाबाखाली अडकून राहिला आणि थर फोडला जाताच मोकळा होतो. हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा असल्यामुळे तो छतालगतच्या पोकळ्यांत साचतो. हवेत त्याचे प्रमाण 5 ते 15 टक्के असेल तर एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो.

ब्लॅकडॅम्प म्हणजे कार्बन डायऑक्साइड, असे सरसकट लिहिले जाते. ते अपुरे आहे. उघडा पडलेला कोळसा आणि कुजणारे लाकडी टेकू हवेतील ऑक्सिजन शोषून घेतात, त्यातून काही प्रमाणात कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि मागे राहतो तो बहुतांशी नायट्रोजन. म्हणजे फायरडॅम्प ही हवेत पडलेली भर आहे, तर ब्लॅकडॅम्प ही ऑक्सिजन गमावलेली हवाच आहे. तो नेहमी तळाशीच साचतो, हेही पूर्ण खरे नाही. कार्बन डायऑक्साइड पुरेसा असेल तरच तो जड होतो.

1815 मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी तयार केलेला जाळीचा दिवा या दोहोंतला भेद दाखवू शकत असे. फायरडॅम्प असेल तर बारीक केलेल्या ज्योतीवर फिकट निळी टोपी चढे. ब्लॅकडॅम्पमध्ये ज्योत मंदावे आणि ऑक्सिजन 16–17 टक्क्यांवर आला की विझे, मात्र तोवर माणूस शुद्धीवर असल्यामुळे त्याला मागे फिरता येई. विजेच्या दिव्याने उजेड वाढवला, पण ही सूचना देणे त्याला जमत नाही.

कोळसा काढून सोडून दिलेल्या भागात, म्हणजे गोफात, हे दोन्ही वायू एकत्र नांदतात आणि बाहेरील हवेचा दाब उतरला की चालू भागाकडे सरकतात. असा भाग भिंत बांधून बंद केला, तर आतील ऑक्सिजन घटत जातो, आणि तो सुमारे 12 टक्क्यांखाली गेल्यावर मिथेन कितीही असला तरी पेट घेत नाही. अर्थात श्वास कोंडणारा वायूच तिथे स्फोट रोखून धरतो. म्हणूनच ती भिंत पुन्हा उघडण्याचे काम अतिशय जोखमीचे असते, कारण ताजी हवा आत शिरताना भरपूर मिथेन असलेले मिश्रण विरळ होत होत त्याच 5 ते 15 टक्क्यांच्या टप्प्यातून जाते.