चोवीस व्होल्टचा लष्करी ट्रक बारा व्होल्टवर आणताना

जनरल मोटर्सने 1980 च्या दशकात अमेरिकी लष्कराला शेव्हरोलेचे डिझेल पिकअप पुरवले. लष्करी भाषेत या गाड्या सीयूसीव्ही (कमर्शियल युटिलिटी कार्गो व्हेइकल), आणि त्यांतला ओळखीचा ट्रक म्हणजे एम1008. लष्कराने लिलावात काढलेले हे ट्रक अमेरिकेत आजही हौसेने चालवले जातात. बॉनेट उघडलं की एक गोष्ट खटकते. दिवे, वायपर, हीटर सगळं 12 व्होल्टचं आहे, मग स्टार्टर 24 व्होल्टचा कशाला?

कारण लष्करी आहे. नाटोच्या गाड्यांची वीज 24 व्होल्टची. एक गाडी बंद पडली तर शेजारच्या गाडीवरून जाड केबल लावून ती सुरू करता आली पाहिजे. म्हणून या मुळात 12 व्होल्टच्या पिकअपमध्ये दोन बॅटऱ्या एकसर जोडल्या. पहिलीचं ऋण टोक चॅसिसला आणि धन टोक दुसरीच्या ऋण टोकाला. या मधल्या सांध्यावर 12 व्होल्ट मिळतात, दुसरीच्या धन टोकावर 24. प्रत्येक बॅटरीला स्वतंत्र 100 अँपिअरचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) आणि डॅशबोर्डवर ‘जेन 1’, ‘जेन 2’ असे दोन दिवे.

अडचण अशी की दोन्ही बॅटऱ्यांवर सारखं काम पडत नाही. दिव्यांपासून पंख्यापर्यंत सगळा भार पहिलीवर, दुसरी फक्त स्टार्टर आणि ग्लो प्लगपुरती (ग्लो प्लग म्हणजे थंड डिझेल इंजिन सुरू करण्याआधी ते आतून तापवणारे प्लग). (आपल्याकडे 24 व्होल्टच्या ट्रकमध्ये टेप एकाच बॅटरीवरून घेतात तेव्हा ती बॅटरी आधी बसते, त्याचं कारणही हेच.) एक अल्टरनेटर मंदावला की त्याची बॅटरी हळूहळू उतरते. मग स्टार्टर मारताना भरलेली बॅटरी उतरलेलीला उलट्या दिशेने चार्ज करू लागते आणि तिच्या प्लेटा खराब करते.

म्हणून बरेच मालक दोन्ही बॅटऱ्या समांतर जोडून पूर्ण गाडी 12 व्होल्टवर आणतात. हे इंजिन, 6.2 लिटरचं व्ही8, नागरी पिकअपमध्येही येत असे आणि तिथे दोन समांतर बॅटऱ्यांवरच सुरू होत असे. त्यामुळे 12 व्होल्टचा स्टार्टर सहज मिळतो. एम1010 रुग्णवाहिकेची मांडणी मात्र वेगळी आहे; पुढचं तिला लागू नाही.

सुरुवात चॅसिसला जाणारी ऋण केबल सोडवून करायची. बॅटरीचा अंतर्गत रोध काही मिलिओहमच असतो, त्यामुळे पाना दोन टोकांना चिकटला तर हजार अँपिअरहून जास्त प्रवाह वाहू शकतो. हातातली अंगठी, कडं आधी काढा.

मग दोन बॅटऱ्यांमधली मूळ एकसर जोडपट्टी काढा. काढा म्हणजे गाडीबाहेर ठेवा. ती राहिली आणि धन टोकाला धन टोक जोडलं, की दुसऱ्या बॅटरीची दोन्ही टोकं थेट एकमेकांना भिडतात. आता धनाला धन, ऋणाला ऋण जोडा, आणि गाडीकडे जाणारी धन केबल एका बॅटरीवरून तर ऋण केबल दुसरीवरून काढा. दोन्हींच्या वाटेत सारखाच तांब्याचा रोध आला, तरच त्या सारखं काम करतात. बॅटऱ्याही एकाच बनावटीच्या आणि एकाच वयाच्या घ्या.

केबलवर पैसे वाचवू नका. तेवढीच शक्ती निम्म्या व्होल्टवर हवी तर प्रवाह दुप्पट लागतो, केबलमधली उष्णता चौपट होते. जाता-येता मिळून 3 मीटर केबल आणि 400 अँपिअर धरा. 35 चौरस मिलिमीटरच्या तांब्यात सुमारे 0.6 व्होल्ट वाया जातात, 70 च्या केबलमध्ये 0.3. नीट न दाबलेल्या एका लगचा (केबलच्या टोकावरच्या धातूच्या कडीचा) रोध 1 मिलिओहम असला, तर तिथे आणखी 0.4 व्होल्ट जातात आणि 160 वॅटची उष्णता होते. असा लग हाताला चटका देतो.

स्टार्टर बदलताना इंजिन ब्लॉकला धरून ठेवणारा त्याचा पुढचा आधार परत बसवायचाच. तो नसेल तर स्टार्टरच्या झटक्यांनी ब्लॉकचा कान तुटतो. बोल्टही मूळ नक्षीदार मानेचेच हवेत; साधे सैल होतात. जुना 24 व्होल्टचा स्टार्टर 12 वर फिरतो, पण रखडत. डिझेल पेटतं ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेने, आणि फेरे मंद असले की ती उष्णता सिलिंडरच्या भिंतीतच मुरते.

सगळ्यात जास्त चुका ग्लो प्लगमध्ये होतात. मूळ रचनेत 24 व्होल्ट फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या) रोधकांतून उतरवून आठ प्लगना सुमारे 12 दिले जातात. प्रत्येक प्लग 1 ओहमचा धरला, तर रोधक 0.125 ओहमचा लागतो. दोन प्लग जळले की एकूण प्रवाह घटतो, रोधकावर कमी व्होल्ट पडतात आणि उरलेल्या सहांवर 13.7 येतात. चार जळले तर 16. म्हणजे एक मेला की बाकीच्यांचं मरण जवळ येतं. जळालेल्या प्लगचं टोक फुगतं, छिद्रातून निघत नाही आणि ओढताना आत तुटतं. रूपांतरात ही वायर रोधकांवरून काढून थेट 12 व्होल्टच्या टर्मिनलवर लावायची. रोधक तसेच ठेवले तर प्लगना जेमतेम 6 व्होल्ट मिळतील आणि थंडीत इंजिन दाद देणार नाही.

दुसऱ्या अल्टरनेटरचं ऋण टोक इंजिनला नव्हे, मधल्या सांध्याला जोडलेलं असतं. नव्या रचनेत त्याचं धन आणि ऋण दोन्ही त्याच 12 व्होल्टवर येतील, म्हणजे तो शॉर्ट होईल. त्याच्या दोन्ही जाड वायरी आणि छोटा वायरिंगचा प्लगही काढा, सुट्या वायरी बॅटरीच्या टोकाकडूनच सोडवा. उरलेला 100 अँपिअरचा अल्टरनेटर या गाडीला पुरतो. डॅशबोर्डवरचा व्होल्टमीटर 24 व्होल्टचा आहे, तो आता कायम लालमध्ये राहील. 12 व्होल्टचा बसवा.

तपासणी मीटरने. बंद गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास, चालू असताना 14 ते 14.4. मग कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा आणि मीटरची एक पिन बॅटरीच्या धन खुंटीवर, दुसरी स्टार्टरच्या खुंटीवर टेकवा. पिन लगवर नको, खुंटीवरच. नाहीतर खराब सांधा मापातून सुटतो. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर दोष त्याच वाटेत आहे. हेच माप बॅटरीचं ऋण टोक आणि स्टार्टरचं अंग यांच्यात घ्या.

शेवटचं काम समोरच्या जाळीजवळच्या नाटो सॉकेटचं, म्हणजे शेजारच्या गाडीची जाड केबल जिथे लागते त्याचं. त्याची केबल बॅटरीकडून सोडवा आणि सॉकेटच काढून टाका. ते जागेवर राहिलं, तर मदतीला आलेला माणूस विश्वासाने 24 व्होल्ट लावेल आणि ते थेट 12 व्होल्टच्या सगळ्या वायरिंगमध्ये शिरतील.