धारेचा दगड सपाट करायला तीन दगड का लागतात?

नागपूरच्या लकडगंजात सागवानाचे काम करणाऱ्या सुताराला रंध्याचे पाते सारखे दगडावर न्यावे लागते. चंद्रपूर-गडचिरोलीचा सागवान नावाजलेला. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ साली बल्लारपूरहून लाकूड गेले ते हेच. पण सागवानात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच घटक, आणि ती पोलादाची धार खाते. पात्याची काळजी सगळेच घेतात. दगडाचा विषय काढला की उत्तर ठरलेले: ‘‘दगडाले काय होते जी!’’

होते. बरेच दिवस वापरलेल्या ऑइल स्टोनवर, म्हणजे तेल टाकून धार लावायच्या दगडावर, स्टीलची पट्टी उभी धरा आणि उजेडाकडे पाहा. पट्टी दोन्ही टोकांना टेकते, मध्ये फट दिसते. देवघरातल्या जुन्या सहाणेला पडतो तसा खळगा.

आपल्याकडचे नेहमीचे काळे-करडे ऑइल स्टोन सिलिकॉन कार्बाइडचे असतात. अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी १८९१ साली भट्टीत तयार केलेला हा पदार्थ काठिण्याच्या मोह्‌स मापावर (हिरा १०) ९ च्या वर आहे. पटाशीचे पोलाद त्याच्या आसपासही नाही. मग मऊ पोलाद कठीण दगडाला झिजवते कसे? खरे तर कण फारसे झिजत नाहीत, ते निखळतात. कण आणि त्यांना धरून ठेवणारा बंध मिळून दगड होतो. कण बोथट झाला की त्याच्यावर जोर वाढतो, तो फुटतो किंवा सुटतो आणि खालचा ताजा कण वर येतो. हे घडायलाच हवे, नाहीतर दगड गुळगुळीत होऊन पाते नुसते घसरेल. बंध मऊ असेल तर दगड भराभर कापतो आणि भराभर झिजतोही. म्हणून जपानी धाटणीचे, तेलाऐवजी पाणी टाकून वापरायचे दगड लवकर पोकळ होतात. शिवाय पाते कडेवरून घसरेल म्हणून हात टोकापर्यंत जात नाही. सगळा मार मधल्या भागाला.

याने बिघडते किती? २०० मिमी लांब दगडाच्या मध्यावर अर्धा मिमी खळगा असेल, तर तो १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा कंस झाला. ५० मिमी रुंद पाते त्यावर आडवे टाकून पाठ घासली, की पाठीला सुमारे ०.०३ मिमी फुगवटा येतो. नीट लावलेल्या रंध्यातून निघणारी लाकडाची साल साधारण तेवढीच जाड असते! दगडाच्या रुंदीतला खळगा तर त्याहून वाईट, कारण तो जसाच्या तसा धारेवर उतरतो.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे दोन दगड एकमेकांवर घासणे. ते एकमेकांवर बसतील छान, पण सपाट होतीलच असे नाही. दुर्बिणीचा आरसा घरी बनवणारे हौशी लोक याचाच फायदा घेतात. काचेच्या दोन चकत्यांमध्ये कार्बोरंडम (म्हणजे सिलिकॉन कार्बाइडच) पावडर घालून घासत राहिले की वरची खोलगट होते, खालची फुगीर. वरची चकती पुढे सरकली की तिचा मधला भाग खालचीच्या कडेवर दाबला जातो, म्हणून.

इथे तिसरा दगड लागतो. पहिला खोलगट आणि दुसरा फुगीर झाला असे धरा. तिसरा पहिल्यावर घासला की तोही फुगीर होईल. आता दुसरा आणि तिसरा एकमेकांवर ठेवले तर दोन पोटे भिडतील, दगड डुगडुगतील आणि घासताना नेमकी पोटेच झिजतील. जोड्या बदलत राहिले की चूक कमी कमी होत जाते, कारण तिन्ही पृष्ठभाग एकमेकांवर बसण्याची एकच शक्यता उरते: तिघेही सपाट. इंग्लंडचे जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० साली ग्लासगोच्या विज्ञानसभेत खऱ्या सपाट पृष्ठभागांवर निबंध वाचला, त्याच्या मुळाशी हेच तत्त्व होते. ते मात्र धातूचे पृष्ठभाग घासण्यापेक्षा खरवडून काढण्याच्या बाजूचे.

रोजच्या कामाला तीन दगड कोण घेऊन बसणार? जाड फ्लोट काचेवर वॉटरप्रूफ पॉलिश पेपर ओला करून चिकटवा. ही काच वितळलेल्या कथिलावर तरंगत थंड होते, त्यामुळे ती मुळातच सपाट. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखा, दिशा बदलत घासा. मधल्या रेघा सर्वांत शेवटी जातील. तेल प्यालेला दगड आधी रॉकेलने धुवा, नाहीतर पेपर लगेच भरतो. कागदाऐवजी सुटी पावडर थेट काचेवर टाकली तर काम झपाट्याने होते, पण मग काचही झिजते आणि पुन्हा दोनच पृष्ठभागांचा खेळ सुरू होतो. अशी काच अधूनमधून बदलावीच लागते.