घरी उभारलेली जुनी मोटार रस्त्यावर आणताना: पात्रता, कागदपत्रे आणि सुरक्षिततेची तपासणी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत वाड्याच्या परसात किंवा शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये वर्षानुवर्षे उभी असलेली फियाट, अॅम्बॅसडर किंवा विलीज जीप स्वतःच्या हातांनी पुन्हा चालती करणारे हौशी कारागीर आजही भेटतात. काम बहुधा इंजिनापासून सुरू होते, परंतु पहिले लक्ष चेसिस (गाडीचा मूळ सांगाडा) क्रमांकाकडे द्यावे. गाडी कायद्याच्या दृष्टीने कोणत्या गटात बसते, हे प्रामुख्याने चेसिस आणि तिचे आरसी बुक (नोंदणी प्रमाणपत्र) यांवरूनच ठरते, आणि पत्रा कापल्यावर किंवा इंजिन बदलल्यावर तो गट बदलूही शकतो.

लोखंडी पाइप, दुचाकीचे इंजिन आणि भंगारातले सुटे भाग जोडून जुन्या घाटाची मोटार सर्वस्वी नव्याने बनवली असेल, तर तिचा मार्ग सर्वांत अवघड आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 126 नुसार कोणत्याही वाहनाच्या मूळ नमुन्याची पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेसारख्या अधिकृत संस्थेत चाचणी होऊन प्रमाणपत्र मिळावे लागते, आणि तो खर्च घरगुती कारागिराच्या आवाक्याबाहेरचा असतो. अशी गाडी स्वतःच्या जागेत चालवण्यापुरतीच ठेवावी, हे मी स्पष्टपणे सांगेन. त्यामागच्या कौशल्याबद्दल मनापासून आदर आहे, पण नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक रस्त्यावर नेणे मोटार वाहन कायद्याच्या कलम 39 नुसार बेकायदा आहे.

पहिल्या नोंदणीला 50 वर्षांहून अधिक काळ झालेल्या, खाजगी वापराच्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी जुलै 2021 मध्ये व्हिंटेज वाहनांची स्वतंत्र तरतूद झाली. गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही त्यातली मुख्य अट आहे. अर्ज परिवहन पोर्टलवर नमुना 20 मध्ये करावयाचा असून त्यासोबत विमा, पूर्वीचे नोंदणी प्रमाणपत्र आणि गाडी आयात केलेली असल्यास बिल ऑफ एंट्री (आयातीचा सीमाशुल्क दस्तऐवज) जोडावे लागते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, पुनर्नोंदणीचे 5,000 रुपये आणि मुदत 10 वर्षे आहे. भारतात आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना क्रमांक कायम ठेवता येतो. नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते. मात्र ही नोंदणी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल एवढ्यासाठीच ती गाडी रस्त्यावर आणता येते.

जिला बाजारहाटासाठीही वापरायचे आहे, तिची साधी नोंदणी जिवंत ठेवावी. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी 15 वर्षांची असते. त्यानंतर नमुना 25 मध्ये अर्ज करून, वाहन तपासून घेऊन आणि पर्यावरण कर भरून ती दर वेळी पाच वर्षांसाठी वाढवता येते. विमा, पीयूसी आणि ओळख व पत्त्याचे पुरावे त्यासोबत तयार ठेवावेत. आपल्याकडची खरी अडचण बहुधा निराळीच असते, ती म्हणजे गाडी आजोबांच्या नावावर असणे. अशा वेळी मृत्यूचा दाखला आणि वारसाचे पुरावे जोडून नमुना 31 द्वारे नाव चढवून घ्यावे. खरेदीची गाडी असल्यास नमुना 29 आणि 30 लागतात, आणि एमएच 09 (कोल्हापूर) ची गाडी एमएच 10 (सांगली) किंवा एमएच 11 (सातारा) कडे आणताना मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र नमुना 28 मध्ये घ्यावे लागते. इंजिन बदलायचे असल्यास कलम 52 नुसार आधी परवानगी घ्यावी आणि बदल केल्यापासून 14 दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवावे. परवानगीविना केलेल्या प्रत्येक फेरफाराला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कागद पूर्ण झाले म्हणजे गाडी सुरक्षित झाली, असे मुळीच नाही. पीयूसीची नळी धूर मोजते, ब्रेक मोजत नाही. बहुतेक जुन्या गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकला एकच मास्टर सिलिंडर (पॅडलने ब्रेक ऑइल ढकलणारा मुख्य पंप) आणि एकच सर्किट असते, त्यामुळे एका चाकाजवळच्या व्हील सिलिंडरचे रबर गळू लागले तरी सगळा ब्रेक जाऊ शकतो. सर्व रबरे, होस पाइप आणि ब्रेक ऑइल नवे घालावे, ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढावी आणि पॅडल काही वेळ दाबून धरून ते हळूहळू खाली जात नाही ना, हे पाहावे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि पसरणीच्या घाटात पाचगणीहून वाईकडे उतरताना ड्रम तापले की उकळून ब्रेक निकामी करू शकते. म्हणून उतार दुसऱ्या गिअरवर, इंजिनाच्या जोरावर उतरावा.

स्टिअरिंगचा प्ले (चाके न वळता स्टिअरिंग जेवढे सैल फिरते तेवढे) नियम 98 नुसार 30 अंशांपेक्षा जास्त नसावा. व्यवहारात त्याच्या कितीतरी आधी किंगपिन (ज्यावर पुढचे चाक वळते ती खीळ) आणि बॉल जॉइंट बदलावे लागतात. चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवले की घासलेला किंगपिन हाताला समजतो. टायरच्या नक्षीची खोली किमान 1.6 मिलिमीटर हवी. नक्षी शाबूत पण रबर तडकलेले, हे उभ्या राहिलेल्या गाड्यांचे नेहमीचे दुखणे आहे, म्हणून टायरच्या बाजूवरचा आठवडा आणि वर्ष दाखवणारा चार अंकी आकडा वाचावा. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुनी रबरी नळी मऊ होऊन झिरपू लागते आणि खाली तापलेला सायलेन्सर असतो, तेव्हा इंधनाची नळी बदलणे, वायरिंगला पुरेसे फ्यूज देणे आणि सीटजवळ अग्निशामक ठेवणे यांत काटकसर करू नये. चेसिसवरचे वेल्डिंग कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या अनुभवी वेल्डरकडून, रंग देण्याच्या आधी तपासून घ्यावे.

तपासणीच्या दिवशी, नोंदणी संपलेली असल्यास, गाडी टोइंगवर न्यावी. चालवत नेऊ नये. चेसिस क्रमांकावरचा गंज आणि रंग हलक्या हाताने साफ करावा, कारण पेन्सिलने घेतलेला ठसा मोटार वाहन निरीक्षकाला स्पष्ट वाचता आला पाहिजे, मात्र ग्राइंडर लावू नये. घासलेला क्रमांक संशयास्पद ठरतो. इंजिन बदललेले असल्यास खरेदीचे बिल जवळ ठेवावे आणि हा बदल विमा कंपनीलाही लेखी कळवावा.