नांदगावात नांदगावकर कशाला असेल?

कोकणातल्या कुठल्याही गावात जा आणि त्याच गावाचं नाव लावणारं आडनाव शोधा, बहुतेक वेळा हाताला फार काही लागत नाही. राणे असतात, परब, सावंत, गावडे, मेस्त्री, घाडी असतात, खाडीच्या बाजूला तांडेल, सारंग असतात आणि आजूबाजूच्या चार गावांचे 'कर'सुद्धा असतात. पण त्याच गावाचा 'कर' म्हणाल तर एखादंच घर, आणि तेही बऱ्याचदा मुंबईत दोन-तीन पिढ्या काढून परत आलेलं. कारण अगदी साधं आहे, नांदगावात सगळेच नांदगावचे, तिथे कोणाला नांदगावकर म्हणून ओळखणार कसं? ते नाव लागतं नांदगाव सोडल्यावर, आणि लावतात ते दुसरे लोक. म्हणजे 'कर' लावणारं आडनाव आपण ठेवलेलं नसतं, जिथे जाऊन पोचलो तिथल्यांनी चिकटवलेलं असतं.

एवढं डोक्यात ठेवलं की या आडनावांचा नकाशा वेगळाच दिसायला लागतो. आपण समजतो की आडनाव जिथे दाट तिथे त्याचं मूळ. सावंत किंवा राणे यांच्या बाबतीत हे थोडंफार चालतं पण 'कर'च्या बाबतीत उलटं, मुळाशी विरळ आणि बाहेर दाट. हा मुक्कामाचा नकाशाच नाही, निघून जाण्याचा आहे.

आणि त्याचं एक मापही आहे. शेजारच्या वाडीत गेलात तर तुम्ही 'वरच्या वाडीतले', तालुक्याच्या ठिकाणी गेलात तर गावाचं नाव, मुंबईला गेलात तरी गावच, कारण तिथे भेटणारे पण कोकणातलेच, पहिलाच प्रश्न 'तुमचो गाव खंयचो?' असा. पण घाट चढून देशावर गेलात तर तिथल्याला तुमचं आचरं काय नि नेरूर काय सगळं सारखंच, तो सरळ कोकणे किंवा कोकणी म्हणून मोकळा होतो, आणि ही दोन्ही आडनावं देशावर आहेतच. जेवढं लांब जाल तेवढं नाव ढोबळ होत जातं. वेंगुर्लेकर, राजापूरकर, मालवणकर, दाभोळकर, चिपळूणकर ही बंदरांची आणि बाजारपेठांची नावं लांबवर पसरली त्यात हेही एक कारण असावं असं मला वाटतं, ऐकणाऱ्याला माहीत असलेलं गाव सांगावं लागतं ना.

उदाहरणं डोळ्यासमोरच आहेत. तेंडोली कुडाळ तालुक्यात, आचरा मालवण तालुक्यात, आणि तेंडुलकर नि आचरेकर एकमेकांना भेटले कुठे तर दादरच्या शिवाजी पार्कवर! लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर, त्यांचं घराणं मूळचं संगमेश्वराजवळच्या मावळंग्याचं, आणि त्यांची वकिली अहमदाबादेत. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८५० साली जन्मले ते पुण्यात. गोव्यात पर्रा गावावरून पर्रीकर. गोव्याच्या उत्तर टोकाला पेडणे तालुका, तेरेखोल ओलांडली की सिंधुदुर्ग, आणि पेडणेकर तुम्हाला पलीकडच्या वेंगुर्ला-सावंतवाडी पट्ट्यात आणि मग गिरगाव, परळपर्यंत भेटतात. पेडणे १८व्या शतकाच्या शेवटापर्यंत सावंतवाडीच्या भोसल्यांकडे होतं, मधली सरहद्द नंतरची आहे, आडनावाला ती माहीतच नाही.

आता हे सगळे मुंबईला आले कसे ते कोकणी माणसाला सांगायला नको. १८५०च्या दशकात पहिली सूतगिरणी निघाली, मग गिरण्यांची रांगच लागली, गोदी होती, रेल्वे होती, पोलीस भरती होती, आणि वेंगुर्ला, मालवण, देवगड, विजयदुर्ग, जयगड अशी बंदरं घेत बोट मुंबईला यायची. जुन्या जनगणना बघितल्या तर मुंबईबाहेर जन्मलेल्या मुंबईकरांत रत्नागिरी जिल्हा सगळ्यात पुढे, आणि तेव्हा सिंधुदुर्ग वेगळा नव्हता, तो १९८१ साली झाला. या ओढीचा ठसा अजून पुसलेला नाही. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. हे आकडे बघून लोक म्हणतात वा, कोकणात मुलींचं किती कौतुक! कौतुक असेलही, पण मुख्य कारण म्हणजे पुरुष मोजायला गावात असतात कुठे. २००१ ते २०११ मध्ये देशाची लोकसंख्या वाढत होती आणि रत्नागिरीची जवळपास १७ लाखांवरून सुमारे १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गाचीही घटली.

गिरणीच्या मस्टरवर, शाळेच्या दाखल्यावर, पोलीस भरतीच्या कागदावर आडनावाचा रकाना आला आणि खरी गंमत तिथे झाली. त्याआधीच्या मराठी कागदात माणूस 'अमुक बिन तमुक' असा यायचा, म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, आडनाव असायचं पण ते लागेल तेव्हा काढायचं, प्रत्येक ठिकाणी लावायची सक्ती नव्हती. एकाच घरात मूळ आडनाव साळवी, वतनावरून खोत, गावावरून आणखी काही असे तीन पर्याय असू शकत आणि रकाना मात्र एकच. मास्तर किंवा कारकून लिहील ते कायम. दोन भावांपैकी एक मूळ आडनावाने आणि दुसरा गावाच्या नावाने, अशी घरं आजही आहेत. बाबासाहेबांचं मूळ आडनाव सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, त्यावरून आंबडवेकर आणि शाळेत ते आंबेडकर झालं हे तर सगळ्यांना ठाऊक आहेच. दीनानाथांचं घर मंगेशीचं म्हणून मंगेशकर.

इथे विज्ञानाचा भाग येतो. आडनाव बापाकडून मुलाकडे जातं, वाय क्रोमोसोम, म्हणजे फक्त पुरुषांत असणारं गुणसूत्र, तोही बापाकडून मुलाकडेच जातो, म्हणजे दोघं एकत्र प्रवास करतात. मग एकाच आडनावाच्या पुरुषांचा वाय सारखा असायला हवा की नको? ब्रिटनमध्ये हे तपासलं गेलं. २००० साली साईक्स या आडनावाच्या पुरुषांवरचा अभ्यास आला, त्यात जवळपास निम्म्यांचा वाय एकच निघाला, म्हणजे मूळपुरुष बहुधा एक. मग लेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी ४० आडनावं घेतली. दुर्मिळ आडनावांत वाय छान जुळतो आणि स्मिथसारख्या आडनावात काहीच जुळत नाही असं दिसलं, उघड आहे, लोहार प्रत्येक गावात होता, त्यामुळे ते आडनाव शेकडो ठिकाणी वेगवेगळं जन्मलं.

आपलं 'कर' या बाबतीत स्मिथच्या जवळचं आहे, किंबहुना त्याच्याही पुढे. एक तर गावांची नावं रिपीट होतात. नांदगाव मुरूडजवळ आहे, नांदगाव कणकवली तालुक्यातही आहे. पाली सुधागडात आहे आणि रत्नागिरीतही. शिरगावं किती आहेत ती मोजत बसू नका. दुसरं म्हणजे एका गावातून निघालेला ब्राह्मण, मराठा, भंडारी, महार, गाबीत, मुसलमान, सगळ्यांना बाहेर तेच नाव लागू शकतं. रामनाथ पारकर आणि गुलाम पारकर, दोघंही रत्नागिरी जिल्ह्यातले, दोघंही मुंबईकडून रणजी खेळले, दोघंही भारताकडून कसोटी खेळले, एक हिंदू एक मुसलमान. आडनाव ऐकून जात ओळखणारे लोक कोकणात नेहमी फसतात, आणि फसावेतच.

सगळ्यात भारी उदाहरण रायगडातलं. बेने इस्राएल हा कोकणातला ज्यू समाज, म्हणजे आपले शनिवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ते नाव. त्यांची परंपरा सांगते की पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावला फुटलं आणि वाचलेली माणसं तिथेच राहिली, नंतर आसपासच्या गावांत पांगली. पांगल्यावर आडनावं काय झाली तर नवगावकर, किहीमकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर, अष्टमकर, दिवेकर. इस्राएल देश झाल्यावर समाजातले बहुतेक तिकडे गेले, त्यामुळे आज अश्दोद, लोद, दिमोना, बेर्शेबा अशा शहरांत दारांवर पेण आणि रोहा लिहिलेलं आहे. यांच्या जनुकांवर २०१६ साली एक मोठा अभ्यास आला, त्यात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे भरपूर प्रमाणात दिसले, पश्चिम आशियातला भाग बापाच्या बाजूने जास्त आणि स्थानिक भाग आईच्या बाजूने जास्त. म्हणजे पेणकर हे आडनाव एखाद्या हिंदू घराचंही असू शकतं आणि या ज्यू घराचंही, शब्द तोच, वाय मात्र पार वेगळा. आडनाव फक्त एवढंच सांगतं की दोघांचे पूर्वज कधीतरी पेणेतून निघाले.

आडनावं मरतात कशी हाही एक जुना प्रश्न आहे. १८७३ साली फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने विचारलं की इंग्लंडमधली मोठमोठी घराणी नामशेष का होतायत, त्यांच्यात काही दोष आहे की हे नुसतं नशीब? हेन्री वॉटसन नावाच्या पाद्रीने गणित मांडलं, त्याचं शेवटचं उत्तर चुकलं पण पद्धत टिकली, साथीचा रोग पसरेल की विझेल आणि अणुभट्टीतली साखळी चालेल की थांबेल हे अजून त्याच पद्धतीने काढतात. आपण आपलं करून बघू. समजा १०० पुरुष, प्रत्येकाचं आडनाव वेगळं, आणि सरासरी प्रत्येकाला एक मुलगा, पण सरासरीच, कोणाला तीन कोणाला एकही नाही. एका पिढीत ३७ आडनावं जातात. पाच पिढ्यांत ७३. दहा पिढ्यांत ८४. एकूण माणसं मात्र साधारण १००च राहतात, म्हणजे उरलेल्या १६ आडनावांत प्रत्येकी सहाएक माणसं. यात कोणाचा पराक्रम नाही की पुण्याई नाही. तेव्हा आमचं घराणं एवढं मोठं कारण आमचे पूर्वज असे नि तसे, असं कोणी सांगायला लागलं की हे गणित आठवावं.

मग इतकी आडनावं मरूनही कोकणात एवढी विविधता कशी? कारण नवीन जन्मत होती. प्रत्येक स्थलांतर म्हणजे नवं नाव पडायची संधी, जनुकात म्युटेशन, म्हणजे अचानक बदल, होतं तसं. फरक एवढाच की हे म्युटेशन अंदाधुंद नाही, गाव सोडणाऱ्यालाच होतं. आता ते कागदाने थांबवलंय. मालवणकर डोंबिवलीला राहायला गेला म्हणून आधारवर डोंबिवलीकर होत नाही, त्यामुळे इथून पुढे फक्त घट, भर जवळपास नाही. तोंडी मात्र हा कारखाना अजून चालू आहे. गणपतीला गावी गेलात की जत्रेच्या किंवा देवळाच्या बॅनरवर खाली लिहिलेलं असतं 'ग्रामस्थ मंडळ व मुंबईकर मंडळ'. मुंबईत जो मालवणकर तोच मालवणात मुंबईकर, आणि वर्गणीची अपेक्षाही त्याच हिशोबाने वाढवलेली असते!

चार्ल्स डार्विनचा मुलगा जॉर्ज, त्याने १८७५ साली एक शक्कल लढवली. त्याचे आईबाप एकमेकांची सख्खी आते-मामे भावंडंच होती त्यामुळे त्याला हा विषय जवळचा. नवरा-बायकोचं लग्नाआधीचं आडनाव एकच असेल अशी लग्नं मोजायची आणि त्यावरून भावंडांतली लग्नं किती होतात याचा अंदाज काढायचा. पुढे या पद्धतीवर बरंच काम झालं, इटलीत काव्हाली-स्फोर्झा या जनुकशास्त्रज्ञाने चर्चच्या जुन्या वह्या घेऊन खोऱ्या-खोऱ्यातलं नातं मोजलं. पण हीच पद्धत आपल्याकडे आणली तर तोंडावर आपटेल. आपण एका कुळात लग्न करत नाही, आणि मामाच्या मुलीशी मात्र पिढ्यानपिढ्या कित्येक घरांत चालत आलंय. मामाचं आडनाव वेगळंच असणार. म्हणजे डार्विनच्या हिशोबात नातं शून्य आणि प्रत्यक्षात रक्ताचं. उलट दोन नांदगावकर, एक मुरूडकडचा एक कणकवलीकडचा, यांचं लग्न झालं तर कागदावर भाऊबंदकी दिसेल आणि नातं काहीच नसेल.

लग्न जुळवणाऱ्या आपल्या म्हाताऱ्यांना हे आधीपासून कळत होतं. नुसतं आडनाव ऐकून कोणी समाधान मानत नाही. मूळ आडनाव काय, कुलदैवत कुठलं, गाव कुठलं, वाडी कुठली, देवळात मान कसला, इतकं विचारून झाल्यावरच चहा येतो. आडनाव संदिग्ध आहे म्हणून जोडीला ही बाकीची माहिती, आणि ती हलत नाही. गोव्यातून १६व्या शतकात पोर्तुगीजांच्या धर्मसमीक्षणाच्या (इन्क्विझिशनच्या) काळात दक्षिणेला गेलेले सारस्वत बघा, तिकडे मंगळूर, कोचीला ते कामत, पै, शेणॉय, प्रभू असेच राहिले, गावाचा 'कर' तिकडे फारसा रुजला नाही, पण कुलदैवत अजून गोव्यातलं. आणि जे मागे राहून ख्रिस्ती झाले त्यांना पाद्रीचं किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळालं, डिसोझा, फर्नांडिस, परेरा, सख्ख्या भावांना वेगवेगळंसुद्धा. त्यांच्या पोर्तुगीज आडनावावरून लिस्बन शोधत बसलात तर काहीच मिळणार नाही, गावकरीचे, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीचा कारभार बघणाऱ्या संस्थेचे, जुने कागद मात्र उपयोगी पडतात.

त्यामुळे स्वतःच्या 'कर'चा माग काढायचा असेल तर गूगलवर आडनाव टाकून सुरुवात करू नका. त्या नावाची गावं किती आहेत ते आधी बघा. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला कुलदैवत आणि मूळ आडनाव विचारा, तिथे निम्मी गावं गळतात. उरलेल्यांत सातबारा आणि जुने फेरफार काढा, चुलत्यांच्या नावासमोर दुसरंच आडनाव दिसलं तर दचकू नका. त्र्यंबकेश्वर, नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यांच्या नोंदी असतात, तिथे मात्र गाव आणि मूळ आडनाव दोन्ही सांगावं लागतं, नुसतं नांदगावकर म्हणालात तर गुरुजी विचारतीलच, कुठलं नांदगाव?