तेल उत्पादक देशांची युती : ओपेक, ओपेक प्लस आणि कोकण किनारा

खनिज तेल निर्यात करणाऱ्या देशांनी आपापसांत ठरवून उत्पादन घटवायचे किंवा वाढवायचे आणि त्या मार्गाने जागतिक बाजारातला भाव आपल्याला हवा तसा वळवायचा, या पद्धतीचे आजचे प्रमुख रूप म्हणजे ‘ओपेक’ ही तेल निर्यातदार देशांची संघटना. २०१६ च्या अखेरीस रशियासह आणखी काही देश तिच्याशी जोडले गेले आणि ‘ओपेक प्लस’ हा मोठा गट तयार झाला. ओपेक भाव ठरवते असे सर्रास म्हटले जाते. १९७० च्या दशकापुरते ते बरेचसे खरे होते. आज भाव लंडन, न्यूयॉर्क, दुबई इथल्या बाजारांत ठरतो. ओपेकच्या हाती फक्त तेलाची तोटी आहे, आणि तीही सगळे सदस्य सारखी घट्ट बंद करत नाहीत.

कोकण किनाऱ्याचा या युतीशी दोन बाजूंनी संबंध येतो, आणि या दोन बाजू एकमेकींच्या उलट आहेत. तेल चढले की मासेमारी नौकेचे डिझेल महागते. पण त्याच काळात आखातात बांधकामे निघतात, माणसांना मागणी येते आणि तिकडे गेलेल्यांचा पैसा गावी पोहोचतो. तेल पडले की डिझेलवाल्याला थोडा दिलासा मिळतो आणि कुवेत-दुबईला मुलगा असलेल्या घरात काळजी सुरू होते. उत्पादन कपातीची बातमी त्यामुळे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात आणि मंडणगड-म्हसळ्याच्या एखाद्या मोहल्ल्यात वेगवेगळ्या कानांनी ऐकली जाते.

पूर्वपीठिका

संगनमताने भाव राखण्याची युक्ती अरब देशांनी शोधलेली नाही. १९२८ मध्ये स्कॉटलंडमधील एका किल्ल्यात बड्या पाश्चात्त्य तेल कंपन्यांच्या प्रमुखांनी बाजार वाटून घेण्याचा समझोता केला होता. १९३० च्या दशकात अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या रेल्वे आयोगाने (नावात रेल्वे असली तरी तेलविहिरींचे नियंत्रण याच आयोगाकडे होते) कोणत्या विहिरीतून किती तेल उपसायचे ते ठरवून द्यायला सुरुवात केली. व्हेनेझुएलाचे तेलमंत्री हुआन पाब्लो पेरेझ अल्फोन्सो यांनी याच व्यवस्थेचा अभ्यास केला. उत्पादन आवरून भाव राखण्याची जी कल्पना त्यांनी पुढे मांडली, तिचा नमुना अमेरिकी होता.

आखातातील तेल तेव्हा कंपन्या उपसत आणि जाहीर किंमतही त्याच ठरवत. सरकारांचा महसूल या किमतीवर अवलंबून असे. ऑगस्ट १९६० मध्ये कंपन्यांनी सरकारांना न विचारता ती किंमत कमी केली. पुढच्याच महिन्यात बगदादला इराण, इराक, कुवेत, सौदी अरेबिया आणि व्हेनेझुएला हे पाच देश एकत्र बसले आणि ओपेकची स्थापना झाली. पेरेझ अल्फोन्सो यांच्याइतकेच श्रेय सौदीच्या तेल खात्याचे प्रमुख अब्दुल्ला तारीकी यांना जाते. कचेरी आधी जिनिव्हात होती, १९६५ मध्ये ती व्हिएन्नाला गेली. पहिल्या दशकात संघटनेच्या हाती फारसे काही लागले नाही.

ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धाने चित्र पालटले. बॅरलला (१५९ लिटर) सुमारे ३ डॉलर असलेला भाव जानेवारी १९७४ पर्यंत ११ डॉलरच्या वर गेला. अमेरिका आणि इस्रायलच्या इतर पाठीराख्यांना तेल न देण्याचा बहिष्कार ओपेकने पुकारला असे अनेकदा लिहिले जाते, ते चूक आहे. बहिष्कार अरब देशांचा होता. इराण ओपेकमध्ये असूनही त्यात नव्हता. भाववाढीचा फायदा मात्र इराणने पुरेपूर घेतला. भारत बहिष्काराचे लक्ष्य नव्हता, पण बिल त्यालाही तेच आले. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर अरबी समुद्रात ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहीर खोदणाऱ्या नौकेने फेब्रुवारी १९७४ मध्ये बॉम्बे हाय तेलक्षेत्राचा शोध लावला तो याच टंचाईच्या ऐन भरात. शोधकार्य आधीपासून चालू होते, वेळ जुळली इतकेच. १९७६ मध्ये तिथे उत्पादन सुरू झाले आणि पुढे समुद्रतळावरच्या वाहिन्यांनी हे तेल व वायू उरणला येऊ लागले.

कोटा : युतीचे बळ आणि दुखणे

तेलाची गरज लगेच कमी करता येत नाही. भाव दुप्पट झाला म्हणून ट्रक उद्यापासून निम्मे धावत नाहीत. त्यामुळे जगाच्या पुरवठ्यात एक-दोन टक्क्यांची तूट पडली तरी भाव त्याच्या कितीतरी पट उसळतो, आणि तेवढाच जादा माल आला तर तितक्याच वेगाने कोसळतो. युतीचे सगळे गणित या एका गोष्टीवर उभे आहे.

१९८२ पासून ओपेकने देशागणिक उत्पादनाची मर्यादा, म्हणजे कोटा, ठरवायला सुरुवात केली. कोटा पाळला तर सगळ्यांचा फायदा. पण बाकीचे पाळत असताना आपण गुपचूप थोडे जास्त विकले तर आपला फायदा अधिक. ही लालूच प्रत्येकाला असते आणि दंड करणारे कोणी नसते. शिवाय कोटा ठरवताना देशाचे ज्ञात साठे विचारात घेतले जाऊ लागले, तेव्हा १९८० च्या दशकात कुवेत, इराण, इराक, अबुधाबी आणि शेवटी सौदी अशा एकेका देशाचे जाहीर साठे एकाएकी फुगले. तेवढे मोठे नवे शोध कुठेच लागले नव्हते. हे आकडे पुढे वर्षानुवर्षे जवळपास तसेच राहिले, मधल्या काळात अब्जावधी बॅरल उपसले गेले तरीही. सदस्यांच्या स्वतःच्या आकड्यांवर विसंबता येत नाही म्हणून उत्पादन मोजायला ओपेक बाहेरच्या संस्थांच्या अंदाजांचा आधार घेते. सदस्यांचा एकमेकांवर किती विश्वास आहे हे यावरून कळावे.

ही व्यवस्था टिकते ती मुख्यतः सौदी अरेबियामुळे. वापरात नसलेली, पण थोड्या अवधीत चालू करता येईल अशी उत्पादनक्षमता सर्वाधिक त्याच्याकडे आहे. इतरांनी फसवले तर सौदी स्वतःचे उत्पादन घटवून भाव सांभाळतो. पण सहनशक्ती संपली की तो तोटी सैल सोडतो आणि सगळ्यांनाच धडा शिकवतो. १९८५ च्या उत्तरार्धात हेच घडले : तेलमंत्री अहमद झकी यमानी यांच्या काळात सौदीने एकट्याने भार उचलणे थांबवले आणि १९८६ मध्ये भाव १० डॉलरच्या आसपास आला. मार्च २०२० मध्ये रशियाने आणखी कपातीस नकार दिल्यावर सौदीने पुन्हा तेच केले.

कुवेत, १९९०

कोटा मोडण्याची सर्वात महागडी किंमत १९९० मध्ये मोजली गेली. इराणशी आठ वर्षे लढून इराक कर्जात बुडालेला होता. त्याला चढा भाव हवा होता. कुवेत आणि अमिराती ठरल्यापेक्षा जास्त तेल उपसून भाव पाडत आहेत, असा आरोप सद्दाम हुसेन यांनी उघडपणे केला. सीमेवरच्या रुमैला तेलक्षेत्रातून कुवेत आपले तेल चोरतो, हाही आरोप होताच. २ ऑगस्टला इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरले. युद्धाचे हे एकमेव कारण नव्हते, पण कोट्याचे भांडण वगळून ते सांगता येत नाही.

त्यानंतर सुमारे १,७०,००० भारतीयांना, बहुतेकांना जॉर्डनच्या अम्मानमार्गे, एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईत आणले गेले. त्यांत केरळी सर्वाधिक असले तरी कोकणातलेही होते. आखाताशी कोकणचा व्यवहार तेलाहून जुना आहे : दाभोळसारख्या बंदरांतून गलबते तिकडे जात, आणि १९५९ पासून काही वर्षे आखातात चालावा म्हणून रिझर्व्ह बँक खास रुपया छापत असे. पण खेड, दापोली, चिपळूण, श्रीवर्धन या पट्ट्यातून नोकरीसाठी मोठ्या प्रमाणावर जाणे सुरू झाले ते १९७३ च्या भाववाढीने तिथे पैसा खुळखुळू लागल्यावर. त्या पैशातून उभी राहिलेली सिमेंटची दुमजली घरे आजही या तालुक्यांत ओळखू येतात. भाव घसरला की काय होते, हे २०१६ मध्ये दिसले. सौदीतील बांधकामे थंडावली, कंपन्यांनी महिनोन्महिने पगार थकवले आणि हजारो भारतीय कामगारांना परत आणण्यासाठी सरकारला हालचाल करावी लागली.

दाभोळचा वीजप्रकल्प

एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ प्रकल्पावर महाराष्ट्रात भरपूर लिहिले गेले आहे, पण त्यातील तेलाच्या भावाचा धागा बहुधा दुर्लक्षित राहतो. गुहागर तालुक्यातील अंजनवेल येथे ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. द्रवरूप वायू यायला अवकाश असल्याने तो नाफ्थ्यावर चालवायचा होता. नाफ्था हे कच्च्या तेलापासून निघणारे उत्पादन. त्याचा भाव तेलाच्या मागोमाग जातो. आणि नेमके त्याच वर्षी, मार्चमध्ये, ओपेकने मेक्सिको, नॉर्वे वगैरे बाहेरच्या देशांना सोबत घेऊन दिवसाला सुमारे २१ लाख बॅरलची कपात जाहीर केली होती. आधीच्या डिसेंबरात १० डॉलरच्या घरात असलेला भाव सप्टेंबर २००० मध्ये ३५ डॉलरच्या वर गेला.

इंधनाचा खर्च करारानुसार वीज मंडळाच्या माथी होता, हिशेब डॉलरमध्ये होता आणि रुपया घसरत होता. वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यावाच लागे, त्यामुळे मंडळ जितकी कमी वीज घेई तितके युनिट महाग पडे. मे २००१ मध्ये मंडळाने करार रद्द केला. कराराच्या अटी मुळातच अन्याय्य होत्या, हे तर खरेच. पण तेल १० डॉलरवर राहिले असते तर तो इतक्या लवकर कोसळला नसता, असे म्हणायला जागा आहे.

ओपेक प्लस

अमेरिकेतील शेल तेलाने (घट्ट खडक फोडून काढलेल्या तेलाने) २०१० नंतर बाजारात नवा माल ओतला. नोव्हेंबर २०१४ मध्ये ओपेकने कपात करण्याचे नाकारून या उत्पादकांना भावाने मारण्याचा प्रयत्न केला. २०१४ च्या मध्यास १०० डॉलरच्या वर असलेला भाव २०१६ च्या सुरुवातीस ३० च्या खाली आला. शेल उत्पादक घायाळ झाले, मेले नाहीत. मग २०१६ च्या अखेरीस व्हिएन्नात ओपेकने दिवसाला १२ लाख बॅरलची कपात मान्य केली आणि रशिया, कझाकस्तान, ओमान इत्यादी देशांनी तीत साथ दिली. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीने मागणी आटली, तेव्हा याच गटाने दिवसाला ९७ लाख बॅरल इतकी आजवरची सर्वात मोठी कपात ठरवली. ती अमलात येण्यापूर्वीच, २० एप्रिलला, अमेरिकी तेलाचा वायदा भाव शून्याखाली गेला होता. २०२३ मध्ये काही सदस्यांनी स्वेच्छेने आणखी कपाती केल्या. त्यांतील मोठा भाग एप्रिल २०२५ पासून टप्प्याटप्प्याने मागे घेण्यात आला.

सदस्यही येत-जात असतात. कतार २०१९ मध्ये, एक्वादोर २०२० मध्ये आणि अंगोला २०२४ मध्ये बाहेर पडला.

व्हिएन्नापासून बंदरातल्या पंपापर्यंत

कपातीचा परिणाम कोकणात जसाच्या तसा पोहोचत नाही. भारतात डिझेलचा दर ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाला, पण कर राहिले. मे २०२० मध्ये कच्चे तेल मातीमोल झाले असताना केंद्राने डिझेलवरील शुल्क लिटरमागे १३ रुपयांनी वाढवले; स्वस्ताई तिजोरीत गेली, टाकीत आली नाही. वर जाताना मात्र भाव बहुधा पंपापर्यंत पोहोचतो. मार्च २०२१ मध्ये भारताने उत्पादन वाढवण्याची विनंती केली, तेव्हा सौदीचे ऊर्जामंत्री अब्दुलअझीझ बिन सलमान यांनी, गेल्या वर्षी स्वस्तात घेऊन ठेवलेले तेल वापरा, असे उत्तर दिले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिका व इतर देशांच्या जोडीने भारताने आपल्या राखीव साठ्यातून ५० लाख बॅरल काढण्याचे जाहीर केले. हे साठे विशाखापट्टणम आणि कर्नाटक किनाऱ्यावरच्या मंगळुरू व पाडूर येथे जमिनीखालच्या खडकांत आहेत.

यांत्रिक नौकेच्या फेरीत डिझेल हा सर्वात मोठा खर्च असतो. बर्फ, शिधा आणि खलाशांचा वाटा त्यानंतर. राज्य सरकार मच्छीमार सहकारी सोसायट्यांमार्फत डिझेलवरील मूल्यवर्धित कराचा परतावा देते, पण डिझेल आधी रोखीने भरावे लागते आणि परतावा मागाहून, अनेकदा फार उशिरा, येतो. सोसायट्यांची आणखी एक अडचण अशी की कंपनीकडून थेट टँकर घेतल्याने त्या घाऊक ग्राहक ठरतात. मार्च २०२२ मध्ये, युक्रेन युद्धाने तेल भडकले असताना, मुंबईत पंपावरचे डिझेल लिटरला ९४ रुपयांच्या आसपास होते आणि घाऊक दर १२२ रुपयांवर गेला होता. किरकोळ पंपावर दर दाबून धरलेला आणि मच्छीमाराच्या पंपावर आंतरराष्ट्रीय भाव, असा उफराटा प्रकार त्यामुळे घडला.

नाणार, बारसू आणि बाजार राखण्याची धडपड

कोटा हा अल्प मुदतीचा उपाय. लांबचा विचार करणारे उत्पादक देश ग्राहकाच्या दारातच तेलशुद्धीकरण प्रकल्पात भांडवल घालतात, म्हणजे आपल्या तेलाला कायमचे गिऱ्हाईक मिळते. रत्नागिरी जिल्ह्यातील नाणारच्या नियोजित प्रकल्पामागे हाच हिशेब होता. एप्रिल २०१८ मध्ये सौदी अरामको आणि जूनमध्ये अबुधाबीची सरकारी तेल कंपनी त्यात आली. दोघींचा मिळून निम्मा वाटा आणि उरलेला निम्मा भारतीय सरकारी तेल कंपन्यांचा, अशी मांडणी होती. वार्षिक क्षमता ६ कोटी टन, म्हणजे दिवसाला साधारण १२ लाख बॅरल. २०१६ च्या करारात ओपेकने एकूण जेवढी कपात केली, जवळपास तेवढे तेल एकट्या या प्रकल्पाला लागले असते.

आंबा-काजूच्या बागा, मासेमारी आणि जमीन यांच्या काळजीने स्थानिकांनी विरोध केला. मार्च २०१९ मध्ये भूसंपादन रद्द झाले. पुढे राजापूर तालुक्यातल्याच बारसू-सोलगावची जागा पुढे आली. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) माती परीक्षण सुरू होताच गावकरी, त्यांत बायामाणसे मोठ्या संख्येने, आडवी आली. सड्यावरील कातळशिल्पांचाही प्रश्न तेव्हा ऐरणीवर आला. दरम्यान २०२२ नंतर भारताच्या आयातीत सवलतीच्या रशियन तेलाचा वाटा दोन टक्क्यांहून कमी होता तो एक तृतीयांशाच्या वर गेला. उत्पादन कपातीत सौदीचा भागीदार असलेला रशिया भारतीय बाजारात असा त्याचा प्रतिस्पर्धी झाला.